मूळ चित्राला हात लावायचा नाही

जुन्या खोक्यातली फ्लॉपी हातात घेतलीस की आधी तिच्या कोपऱ्यातली सरकपट्टी बघ. साडेतीन इंची फ्लॉपीचं ते चौकोनी भोक उघडं असलं की तिच्यावर काही लिहिलं जात नाही. सव्वापाच इंचीचं उलट असतं, तिथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की ती सुरक्षित. हे संगणक चालू करायच्या आधी करायचं. या फ्लॉप्यांत मंडळाच्या स्मरणिकांची मुखपृष्ठं आहेत, लग्नपत्रिकांवरचे गणपती आहेत, आणि ठाण्याच्या वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारतींचे स्कॅन केलेले फोटो आहेत. त्यातल्या कित्येक इमारती आता पुनर्विकासात गेल्या. ती चित्रं पुन्हा काढता येणार नाहीत.

येऊरच्या पायथ्याशी आपला पावसाळा कसा असतो ते तुला सांगायला नको. फ्लॉपीचं धातूचं झाकण हळूच सरकवून आतल्या तबकडीवर विजेरी मार. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. ती फ्लॉपी इतक्यात ड्राइव्हमध्ये घालू नकोस. त्या बुरशीने ड्राइव्हचं हेड माखतं आणि मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्या ओरबाडतं. अशा फ्लॉप्या वेगळ्या काढून शेवटी घ्यायच्या, आणि प्रत्येकीनंतर हेड साफ करायचं.

हार्ड डिस्कवर तीन डिरेक्टरी कर: मूळ, काम आणि तयार. नावं आठ अक्षरांच्या आत ठेव, डॉसला त्याहून मोठी नावं कळत नाहीत. फ्लॉपीवरचं सगळं ‘मूळ’मध्ये उतरव आणि लगेच ॲट्रिब कमांडला अधिक-आर देऊन त्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या करून टाक. त्यांची नक्कल ‘काम’मध्ये घे आणि जे काय करायचं ते तिथेच कर.

आता चित्र ओळखणं. फाइलीच्या नावाच्या शेपटावर विश्वास ठेवू नकोस. घाईच्या दिवसांत कुणीतरी ‘रेन’ कमांडने पीसीएक्सचं बीएमपी केलेलं असतं. त्याने नाव बदलतं, आतलं एक अक्षरही बदलत नाही. खरी ओळख फाइलीच्या पहिल्या काही बाइट्समध्ये असते. बीएमपी असेल तर सुरुवातीलाच ‘बी’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरं. टिफ असेल तर ‘आय-आय’ किंवा ‘एम-एम’. पहिलं इंटेलच्या यंत्रावरचं, दुसरं मोटोरोलाच्या, म्हणजे बहुतेक मॅकवरून आलेलं. जिफच्या तोंडावर जिफ ८७ए किंवा ८९ए असं स्पष्ट लिहिलेलं. पीसीएक्सचा पहिला बाइट नेहमी १०.

हे बघायला वेगळं सॉफ्टवेअर शोधू नकोस. डॉसमध्ये डीबग आहे. डीबगपुढे फाइलीचं नाव दे, मग फक्त ‘डी’ दाबून एंटर कर. पडद्यावर बरोबर १२८ बाइट्स येतात, आणि पीसीएक्सचं शीर्षकही नेमकं १२८ बाइट्सचं आहे. एका पडद्यात पूर्ण कुंडली मिळते. शून्यापासून मोजलंस तर चौथ्या बाइटपासून अकराव्यापर्यंत चित्राच्या चार कडा लिहिलेल्या असतात, प्रत्येकीला दोन बाइट, त्यातला लहान बाइट आधी. उजव्या कडेतून डावी वजा करून एक मिळव, ती रुंदी. बघून झालं की ‘क्यू’ दाबून बाहेर पड. ‘डब्ल्यू’ चुकूनही दाबायचा नाही, तो फाइल परत लिहितो.

पीसीएक्सबद्दल आणखी एक गोष्ट मनात पक्की कर. २५६ रंगांच्या चित्राचा रंगतक्ता फाइलीच्या शेवटी असतो: आधी १२ हा खुणेचा बाइट, मागे ७६८ बाइट्सचा तक्ता. फ्लॉपीचा शेवटचा भाग खराब झाला तर चित्राचा आकार पूर्ण दिसेल आणि रंग मात्र भलतेच. असं चित्र टाकून देऊ नकोस. त्याच कामातल्या दुसऱ्या चित्राचा तक्ता बहुतेक वेळा तोच असतो, तो शेवटी जोडला की रंग परत येतात.

रूपांतराला बसण्याआधी यंत्र तयार कर. कॉन्फिग.सिसमध्ये हायमेमची ओळ ईएमएम३८६च्या वर हवी. खाली गेली तर वरची स्मृती उघडतच नाही. मग ‘डॉस = हाय, यूएमबी’, म्हणजे डॉस स्वतः वर जाऊन बसतो आणि ६४० केबीतली जागा चित्रांच्या प्रोग्रॅमला मोकळी होते. ‘फाइल्स’ची संख्या ४० ठेव. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये टेंप हा चल हार्ड डिस्कवरच्या मोकळ्या डिरेक्टरीकडे दाखव, कारण स्मृती संपली की जेपेगचे प्रोग्रॅम तिथेच तात्पुरत्या फाइली करतात. किती जागा लागते त्याचा अंदाज मनाशी असू दे. ए-४ कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. नुसता काळा-पांढरा असेल तर साधारण ११ लाख बाइट, एका फ्लॉपीत मावतो. करड्या छटांत घेतलास तर तोच ८७ लाख. ६४० केबीच्या यंत्रावर प्रोग्रॅम का दमतात ते यावरून कळेल. डॉस ६पासून कॉन्फिग.सिसमध्ये मेन्यू करता येतो. एक पर्याय पेजमेकरचा, एक चित्रांचा, असे दोन ठेव, दरवेळी फाइल खरडत बसू नकोस.

स्मार्टड्राइव्हला जप. तो लिहायचा मजकूर स्मृतीत साठवून सवडीने डिस्कवर उतरवतो, त्यामुळे काम भराभर होतं. पण दोन हजारच्या दशकात आपल्याकडे, ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत, भारनियमन होतं. वीज गेली की स्मृतीतलं सगळं गेलं, आणि प्रोग्रॅम तर ‘झालं’ म्हणून मोकळा झालेला. म्हणून स्मार्टड्राइव्हला ‘सी’ एवढंच द्यायचं, पुढे अधिक चिन्ह लावायचं नाही. मग तो वाचण्यापुरताच वापरला जातो. आणि संगणक बंद करण्याआधी ‘स्मार्टड्राइव्ह, तिरकी रेघ, सी’ ही सवय अंगवळणी पाड. यूपीएस असला तरीही.

आता बॅच फाइल. एकदा हाताने दिलेली आज्ञा विसरली जाते, फाइलीत लिहिलेली राहते. म्हणून एकच चित्र बदलायचं असलं तरी आज्ञा बॅच फाइलीत लिही आणि वर रेमची ओळ टाक: तारीख, कोणतं चित्र, कशासाठी. ‘फॉर’च्या आवर्तनात फाइलीचा चल थेट पडद्यावर लिहिताना एक टक्केचिन्ह, बॅच फाइलीत दोन. नवशिक्याचं अर्धं डोकं इथेच फुटतं. डॉसच्या फॉरला नावाचं शेपूट कापता येत नाही. म्हणून प्रोग्रॅमलाच विस्तार बदलू दे आणि निकाल ‘तयार’मध्ये पाठव. त्याच डिरेक्टरीत त्याच विस्ताराची नवी फाइल पडली तर फॉर तीही उचलतो आणि तयार चित्राचं पुन्हा रूपांतर करतो.

एररलेव्हलचा स्वभाव समजून घे. ‘इफ एररलेव्हल १’ म्हणजे एक किंवा त्याहून जास्त. म्हणून मोठा आकडा आधी तपासायचा, मग लहान, नाहीतर सगळ्या चुका पहिल्याच ओळीत अडकतात. एका बॅचमधून दुसरी बोलवायची तर ‘कॉल’ लाव, नाहीतर पहिलीकडे परत येणंच होत नाही. प्रत्येक चित्राची नोंद एका मजकूर फाइलीत कर, पण दोन बाणांनी. एका बाणाने आधीची नोंद पुसली जाते.

जेपेगसाठी सीजेपेग आणि डीजेपेग हे दोन छोटे प्रोग्रॅम जवळ ठेव. इंडिपेंडंट जेपेग ग्रूप नावाच्या मंडळींनी ते १९९१पासून फुकट दिले आणि जेपेग जगभर पसरलं ते मुख्यतः त्यामुळे. डॉसवर आधी आत जाणाऱ्या फाइलीचं नाव, मग बाहेर येणाऱ्या फाइलीचं. गुणवत्ता सांगितली नाहीस तर ७५ धरली जाते. घरगुती फोटोला ती चालते, जपून ठेवायच्या फोटोला ९० दे. स्मृती कमी पडली तर मॅक्समेमरीचा आकडा कमी कर. काम हळू होईल, पण पूर्ण होईल. आणि जेपेगवरून पुन्हा जेपेग करायचं नाही. प्रत्येक वेळी चित्र थोडं झिजतं. हवं तेव्हा मुळाकडे जा, त्यासाठीच ‘मूळ’ आहे.

देवनागरी मजकूर असलेलं चित्र मात्र जेपेगमध्ये घालूच नकोस. शिरोरेषेच्या दोन्ही बाजूंना मळकट लाटा उठतात आणि अनुस्वार पुसट होतात. अशा चित्राला जिफ, टिफ, किंवा आता १९९६नंतरचं पीएनजी. आकार लहान करायचा असेल तर काळ्या-पांढऱ्या चित्राचं आधी करड्या छटांत रूपांतर कर, मग आकार बदल. थेट लहान केलंस तर शिरोरेषा मधेमधे गायब होते आणि ‘म’चा ‘भ’ व्हायला वेळ लागत नाही. क्रम असा ठेव: कापणं, सरळ करणं, आकार बदलणं, आणि रंग कमी करणं सगळ्यात शेवटी. रंग आधी कमी केलेस तर त्या ठिपक्यांची जाळी आकार बदलताना विटते. पान तिरकं आहे का हे ओळखायला आपल्या लिपीसारखी सोय नाही. शिरोरेषा ही आखून दिलेली रेघच आहे, तिच्यावर पट्टी धर.

ही मुखपृष्ठं तू चित्र म्हणूनच जप, याला आणखी एक कारण आहे. त्या काळचा मजकूर श्री-लिपी किंवा आकृतीच्या फॉन्टवर बसवलेला. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या यंत्रावर फॉन्ट शाबूत आहे तोवर पान उघड, त्याचं चित्र काढ, आणि मग बाकीचं कर.

व्हीजीएच्या ३२० गुणिले २०० पडद्यावरची चित्रं नव्या पडद्यावर चपटी दिसतात. तो पडदा चार-तीनच्या प्रमाणाचा होता आणि ठिपके उभट. उंची सहा-पंचमांश कर, म्हणजे २४०, की चेहरे पूर्ववत होतात.

अमिगा संगणक मी वर्तकनगरात कुणाकडे पाहिला नाही, पण त्याची एक पद्धत मला आवडते. तिथे एआरेक्स नावाची भाषा एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याला थेट हुकूम देते, आर्ट डिपार्टमेंट प्रोफेशनलसारखं चित्रांचं सॉफ्टवेअरही तिने चालतं. तिच्या स्क्रिप्टची पहिली ओळ टिप्पणीच असावी लागते, नाहीतर ती चालतच नाही. स्क्रिप्ट कशासाठी आहे हे लिहायला जागा तिथे आपसूक मिळते. तू डॉसवरही तसंच कर.

नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स घे. त्याच्या कॉन्फिग फाइलीच्या शेवटी ऑटोएक्झेकचा विभाग असतो, तिथे माउंटची ओळ लिहून ठेवलीस की दरवेळी टाइप करावी लागत नाही. घाऊक कामाला इमेजमॅजिक. विंडोजवर ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा देऊ नकोस, त्या नावाचा विंडोजचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे आणि तो डिस्कची फाइलव्यवस्था बदलतो. ‘मॅजिक’ हे नाव वापर. ‘मॉग्रिफाय’ला नवा फॉरमॅट सांगितला नाहीस तर तो मूळ फाइलीवरच लिहितो, म्हणून त्याला ‘पाथ’ देऊन निकाल दुसरीकडे पाठव. लिनक्सवर लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते, डॉसची नावं मोठ्या अक्षरांत असतात, तेव्हा शोधताना दोन्ही दे.

आणि डॉसच्या त्या जुन्या ४८६ संगणकाचा मदरबोर्ड उघडून बघ. त्यावर निळ्या आवरणातली पिंपासारखी बॅटरी असेल तर ती कधी ना कधी गळते आणि आजूबाजूची तांब्याची रेघ खाऊन टाकते. आधी बायोसमध्ये जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे कागदावर लिहून घे, कारण बॅटरी निघाली की यंत्र ते विसरेल. तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटव, आणि बॅटरी या आठवड्यातच कापून काढ.