दृष्टी मंदावलेले मूल व शाळेचे कर्तव्य

इयत्ता तिसरी-चौथीतील एखादे हुशार मूल फळ्यावरील उदाहरण उतरवून घेताना एकाएकी चुकू लागते. ३ चा ८ होतो, काना-मात्रा गळतात, ओळ सुटते. चष्मा दिला जातो. त्याने फरक पडत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळे तपासतात आणि ‘दोष दिसत नाही’ असे सांगतात. मुलाचे खरे हाल येथून सुरू होतात. कारण त्या एका वाक्याचा अर्थ घरी आणि वर्गात फार लवकर ‘मूल ढोंग करते’ असा लावला जातो.

दोष न दिसणे आणि दोष नसणे या दोन निराळ्या गोष्टी होत. जर्मन नेत्रतज्ज्ञ कार्ल स्टारगार्ट यांनी १९०९ मध्ये वर्णन केलेला विकार हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यात दृष्टिपटलाचा मधला भाग, म्हणजे वाचण्यास व चेहरे ओळखण्यास लागणारा भाग, हळूहळू निकामी होतो. तो पुष्कळदा शाळेच्या वयातच सुरू होतो, आणि आरंभी नेहमीच्या तपासणीत डोळ्याचा पडदा जवळजवळ निरोगी दिसू शकतो. अशा वेळी पडद्याचे थर दाखविणारी ओसीटी, पडद्याची विद्युत्-प्रतिक्रिया मोजणारी ईआरजी आणि जनुकांची तपासणी यांचा आधार घ्यावा लागतो. या विकाराशी मुख्यत्वे निगडित असलेले जनुक १९९७ मध्ये सापडले. आईबाप दोघेही डोळस असून मुलास हा विकार होऊ शकतो. म्हणून ‘आमच्या घराण्यात कोणाला नाही’ या बोलण्याने काही सिद्ध होत नाही, आणि त्यावरून सुनेला बोल लावणे तर निव्वळ अन्याय होय. नात्यातील विवाहांत असा संभव वाढतो, ही माहिती मात्र डॉक्टरांना न संकोचता द्यावी.

हे मूल वस्तूकडे सरळ न बघता किंचित बाजूने बघते. मधली दृष्टी गेल्यामुळे कडेची दृष्टी वापरण्याची ती त्याने स्वतःच शोधलेली युक्ती असते. ‘नीट समोर बघ’ म्हणून दटावणारे गुरुजी नकळत त्याच्या हातची काठीच काढून घेतात.

क्वचित असेही घडते की, सर्व तपासण्या निर्दोष निघतात आणि दृष्टी मनावरील ताणामुळे मंदावली आहे असा निष्कर्ष तज्ज्ञ काढतात. तेव्हाही मूल बहुधा खोटे बोलत नसते. त्यास खरोखरच दिसत नाही, आणि धीर मिळाला म्हणजे पुष्कळदा दृष्टी परत येते. हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, शिक्षकांचा नव्हे. मारहाण, छळ किंवा भीती यांची शक्यता मात्र शाळेने शांतपणे पाहावी व त्याची वर्गात वाच्यता करू नये.

उपचारांच्या बाबतीत घाई आणि दिरंगाई दोन्ही घातक ठरतात. दृष्टी अचानक गेली, डोळा दुखू लागला, बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा डोकेदुखीबरोबर सकाळी उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्यांत मध, पाल्याचा रस किंवा उरलेले थेंब घालू नयेत. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा त्या जीवनसत्त्वाने बरा होतो. परंतु स्टारगार्टच्या विकारात त्याच गोळ्या टाळावयास सांगतात. अंदाजाने औषध का देऊ नये, हे यावरून ध्यानी यावे.

डॉक्टरांजवळ मूल काही मिनिटे असते, शिक्षकांजवळ पाच-सहा तास. म्हणून शिक्षकांच्या टिपणाचे मोल मोठे आहे. ‘लक्ष देत नाही’ हे अनुमान झाले. ‘दोन मीटरवरून फळ्यावरील अक्षर ओळखले, चार मीटरवरून ओळखले नाही’ हे निरीक्षण झाले. उन्हातून वर्गात आल्यावर चाचपडते काय, संध्याकाळी उंबऱ्याला अडखळते काय, मित्रास चेहऱ्यावरून ओळखते की आवाजावरून, हे तारखेसह एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा तोच कागद त्यांना दाखवावा. मात्र पथकाच्या फेरीची वाट पाहत बसू नये. निदान झाले नाही तर पुढील तपासणी कधी, हे पालकांनी विचारून घ्यावे. कारण आज न दिसलेली खूण सहा महिन्यांनी दिसू शकते.

शाळेने मात्र रोगाच्या नावासाठी थांबण्याचे कारण नाही. पहिल्या बाकावर बसविले की काम संपले, हा समजही सोडावा. मधली दृष्टी गेलेल्यास जवळचा बाक उपयोगी पडतो. परंतु रेटिनायटिस पिग्मेंटोझा या विकारात कडेची दृष्टी आक्रसते, तेव्हा फळा थोडा दुरूनच एका नजरेत मावतो. असे मूल तक्त्यावरील बारीक अक्षरे वाचून दाखवते आणि दारातल्या बादलीवर आपटते. त्याला वेंधळे म्हणतात. तेव्हा जागा मुलास विचारूनच ठरवावी. खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर येऊ देऊ नये. फळा काळाभोर असावा, आणि लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावा. याचा लाभ साऱ्या वर्गास होतो. ठळक रेघांची वही, काळी जाड लेखणी, पुस्तक टेकविण्यास उतरती फळी एवढ्याने पुष्कळ साधते. पुस्तक नाकाशी धरल्याने दृष्टी जात नाही. डोळे वापरल्याने झिजतात, या समजुतीने लंडनमध्ये १९०८ मध्ये निराळी शाळा निघाली होती. उलट उरलेली दृष्टी वापरण्याचा सराव दिल्यास मुले अधिक पाहू लागतात, असे नॅटली बरागा यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दृष्टिदोषाची टक्केवारी मोजलेल्या दृष्टीवरून व दृष्टिक्षेत्रावरून ठरते. ‘शिक्का बसेल’ या भीतीने पालक प्रमाणपत्र टाळतात. त्यांना हे समजावून सांगावे की, परीक्षेत तासाला वीस मिनिटे अधिक वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळण्याचा मार्ग त्या कागदातून जातो. विशेष शाळेचा विचार मुलास दुसऱ्यांच्या गळ्यात टाकण्यासाठी होऊ नये. गावात ब्रेल शिकविणारे कोणी नसेल, तर तो योग्यही ठरेल. वाचताना मूल लवकर थकू लागले की छापील अक्षरांच्या जोडीनेच ब्रेल सुरू करावे, सारी दृष्टी जाण्याची वाट पाहू नये.

चौथीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जात असेल, तर निरीक्षणाचा कागद, प्रमाणपत्राची प्रत आणि उपयोगी पडलेल्या सोयींची यादी पालकांच्या संमतीने जूनपूर्वीच तेथील मुख्याध्यापकांच्या हाती पोहोचवावी. शक्य झाल्यास वर्गशिक्षकांनी मुलास सोबत नेऊन नव्या इमारतीच्या पायऱ्या, पाण्याची टाकी व स्वच्छतागृह सुट्टीतच दाखवून आणावे.