गुडघ्याचा पट्टा आणि हृदयाचा खर्च

लोहगड-विसापूर किल्ल्यांच्या पायऱ्यांनी कुरकुरणाऱ्या किंवा लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट हल्ली ‘बीएफआर’ (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, म्हणजे रक्तप्रवाह अंशतः रोखून केलेला व्यायाम) सुचवतात. मांडीच्या वरच्या भागाला हवेचा कफ बांधायचा आणि एरवी उचलू शकाल त्याच्या २० ते ३० टक्केच वजन उचलायचं. जपानच्या योशिआकी सातो यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत सुरू केली. यात सांध्यावर ताण कमी येतो आणि स्नायू मात्र दमतो.

हृदयालाही तेव्हा काम पडतं. पायातलं रक्त परत वर यायला अडतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून ठोके वाढतात. स्नायूत साचलेली रसायनं मज्जातंतूंना चेतवतात आणि रक्तदाब चढतो. तेवढंच वजन कफाशिवाय उचललं तर इतका चढत नाही. कफ सोडला की तो उतरतो. निरोगी माणसाला हे सहसा झेपतं. पण ताब्यात नसलेलं बीपी, हृदयविकार, पायात पूर्वी झालेली गुठळी, व्हेरिकोज व्हेन्स, सिकलसेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पट्टा बांधू नका.

आता पैशांचं. पुढचे आकडे ढोबळ आहेत, दर आधी फोनवर विचारून घ्या. ऑनलाइन मिळणारे इलॅस्टिकचे पट्टे पाचशे-हजारात येतात आणि नेमका तोच पैसा वाया जातो, कारण दाब किती पडला ते त्यांवर कळत नाही. दाब दाखवणारा कफ काही हजारांचा असतो. विकत घेण्यापेक्षा तो असलेल्या फिजिओकडे जावं. एका बैठकीचे ४०० ते ८०० रुपये धरा. धमनी पूर्ण बंद व्हायला किती दाब लागतो हे तो आधी मोजतो का, हे विचाराच. मांडीला साधारण त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब देतात.

चाळिशी उलटली असेल तर आधी ईसीजी काढा, २०० ते ५०० रुपयांत होतो. टू-डी इकोला दीड-अडीच हजार लागतात, पण तो डॉक्टरांनी सांगितला तरच. या तपासण्यांसाठी तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लोणावळ्याहून लोकलने जाता येतं. घरी बीपीचं डिजिटल यंत्र हवंच, दीड-दोन हजारांचं. आसनांचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजायचं काम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापलेल्या कैवल्यधाम योगसंस्थेत लोणावळ्यातच झालं, तेव्हा मोजमापाचं इथे कुणाला नवल नसावं.

पाय बधिर झाला किंवा चक्कर आली तर लगेच हवा सोडा. छातीत दाटलं तर १०८ ला फोन करा. त्या रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत.