हिशोब ज्याच्या हाती द्यायचा

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. गणपती पेठेत आमचं हळद पूड आणि बेदाण्याचं दुकान आहे. आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या काळापासून दुकानाचे कागद एकाच वकीलसाहेबांकडे जायचे. कर सल्लागाराला आमच्या पेठेत वकीलच म्हणतात. बावीस वर्षांत त्यांच्या कामात कधी खोट निघाली नाही. पुढे ते थकले, काम त्यांच्या हाताखालच्या माणसाकडे गेलं आणि आमचा विश्वासही कामाबरोबर त्याच्याकडे गेला. तो त्याने मिळवलेला नव्हता, हे आमच्या ध्यानात आलं नाही. त्यानंतर जे भोगलं आणि जे उमजलं, ते लिहिते आहे. आमच्यासारखी दुकानं गावोगाव आहेत.

1. कराचा पैसा आपल्या खात्यातून थेट सरकारजमा व्हायला हवा.

जून 2019 मध्ये बंगळुरूच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. आमची बिलं त्यांना जीएसटीच्या पोर्टलवर दिसत नव्हती, त्यामुळे त्यांना कराची वजावट मिळत नव्हती आणि म्हणून त्यांनी आमचे पैसे अडवले होते. आम्ही तर दर महिन्याला कराची रक्कम त्या माणसाच्या खात्यावर टाकत होतो. ‘मी चलन भरतो, तुम्ही काळजी करू नका’ हे त्याचं नेहमीचं वाक्य. ऑक्टोबर 2018 पासून मे 2019 पर्यंत आठ महिन्यांची रिटर्न भरलेलीच नव्हती. पैसे त्याने दुसरीकडे फिरवले होते. मूळ कर पुन्हा भरावा लागला, वर त्यावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज, आणि प्रत्येक रिटर्नमागे दिवसाला 50 रुपये उशिराचं शुल्क. त्या महिन्यात मी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या.

आता चलन तयार झालं की ते आमच्याकडे येतं आणि आमच्या बँकेतून आम्हीच भरतो. कामाची फी वेगळी, तिची पावती वेगळी. जो सल्लागार ‘कर माझ्याकडे द्या’ म्हणतो, तो कितीही ओळखीचा असला तरी त्याला नाही म्हणायचं.

2. पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच.

सहा महिने सलग रिटर्न न भरल्यामुळे नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आमच्या नावाने निघाली होती. ती गेली त्याच्या ईमेलवर, कारण 2017 च्या जुलैत नोंदणी करताना त्याने स्वतःचाच नंबर आणि ईमेल घातला होता. दार आमच्या दुकानाचं, आणि किल्ली फक्त त्याच्याकडे. जीएसटी कार्यालयात कागद दाखवून, अर्ज करून नंबर बदलून घेताना ह्यांना चार हेलपाटे पडले. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, ‘रोज एक तरी येतो असा.’ ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

3. नवीन माणूस शोधताना विचारण्याचा प्रश्न.

माझ्या धाकट्या जावेचं माहेर विट्याचं. तिच्या भावांचं कोइंबतूरला गलाईचं दुकान आहे. खानापूर-आटपाडीकडची ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. परक्या गावात, परक्या भाषेत, मौल्यवान मालाचा धंदा, तेव्हा माणूस पारखून घेण्याची त्यांना सवयच आहे. तिच्या थोरल्या भावाने मला सांगितलं, ‘ताई, माणूस कसा आहे असं विचारूच नका, सगळे चांगलाच सांगतात. तुम्हाला नोटीस आली त्या दिवशी हा कुठे होता, एवढं विचारा.’

मी मार्केट यार्डात आणि पेठेत पाच-सहा दुकानांत हेच विचारत फिरले. एका सीएंबद्दल दोन वेगवेगळ्या आडत्यांनी न ठरवता एकच गोष्ट सांगितली: नोटीस आली तेव्हा त्यांनीच आधी फोन केला होता.

4. ‘उद्या सांगतो’ म्हणणारा.

त्या सीएंना भेटायला गेले तेव्हा मी हळदीचा प्रश्न घेऊन गेले होते. ओल्या हळदीला कर नाही, पुडीला 5 टक्के, आणि मधल्या टप्प्यावर शेतकरी, आडत्या, व्यापारी यांच्यात कोण काय भरतो, यावर आमच्या यार्डात कायम वाद. याआधी भेटलेल्या दोघांनी खुर्चीतल्या खुर्चीत उत्तर दिलं होतं, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध होती. हे सीए म्हणाले, ‘यातलं निम्मं मला नक्की माहीत आहे, उरलेलं वाचून उद्या सांगतो.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी परिपत्रकाची प्रत खुणा करून पाठवली.

ही सवय त्यांनी आजवर सोडलेली नाही. 21 डिसेंबर 2024 ला जीएसटी परिषदेत ठरलं की शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर त्याला जीएसटी लागत नाही. तासगाव भागातल्या बागायतदारांसाठी ही मोठीच बातमी. आम्ही विचारायच्या आतच त्यांचा फोन आला: शेतकऱ्याकडून घेतलेल्या आणि व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बेदाण्याची खरेदी वेगळी लिहा.

पदवीबद्दलही थोडं सांगते. रोजच्या नोंदी करायला सीएच हवा असं नाही. आमच्या नोंदी बी.कॉम. झालेली एक मुलगी करते आणि तिचं काम आरशासारखं स्वच्छ आहे. पण टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही सीएचीच चालते. कोण काय करू शकतो हे आधी विचारून घ्यायला लाजू नये.

5. मूळ कागद आपल्या घरी, आणि उंचावर.

जुलै 2019 मध्ये आम्ही आधीच्या माणसाकडून सगळ्या फाइली भांडून परत आणल्या होत्या. त्या ठेवायला दुकानात जागा नव्हती, म्हणून विश्रामबागला नणंदेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी नेल्या. महिनाभरात कृष्णा पेठेत शिरली. ऑगस्टमधले ते दिवस सांगलीकराला वेगळे सांगायला नकोत. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर पिवळा चिखल. पोती फुगून फाटलेली, बेदाण्याचे बॉक्स आंबलेले, आणि आबांच्या हातचे रोजमेळ उचलायला गेलं की लगद्यासारखे बोटांत येत होते. आबा पायरीवर बसून राहिले होते.

विम्याचा सर्व्हेअर येणार होता. त्याला हवा होता पुराच्या आदल्या दिवशीचा साठा. तिसऱ्या दिवशी आमचे नवे सीए स्कूटर लांब लावून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून आले. अजून आम्ही त्यांना फीचा एक रुपया दिलेला नव्हता. त्यांनी ह्यांच्याबरोबर उभं राहून फुटकी पोती मोजली, प्रत्येक ढिगाचे फोटो काढायला लावले, आणि नणंदेकडच्या फाइली व पेनड्राइव्हवरच्या नोंदींवरून साठ्याचा तक्ता बसवला. आमच्या मोजणीपेक्षा तो चौदा पोत्यांनी कमी आला. एवढ्या नुकसानीत चौदा पोती कोण बघतंय, असं मी म्हणाले. ते म्हणाले, ‘वहिनी, या तक्त्यावर मी सही करणार आहे.’

त्या दिवशी मी मनात ठरवलं, हिशोब यांच्याकडेच.

6. परतावा काढून देणारा.

माझे वडील, नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. सगळं आयुष्य साताऱ्यात, व्यवहार युनायटेड वेस्टर्न बँकेत. 1936 साली साताऱ्यात सुरू झालेली ती बँक 2006 मध्ये अडचणीत येऊन आयडीबीआयमध्ये विलीन झाली, ठेवी सुखरूप राहिल्या, पण नाना कितीतरी दिवस ‘आपली बँक गेली’ म्हणत होते. आपलं म्हटलं की ते पूर्ण आपलं मानतात. म्हणूनच ओळखीतल्या एकाने ‘पेन्शनवर कापलेला सगळा कर परत काढून देतो, दहा टक्के मला द्या’ म्हटल्यावर त्यांनी पॅन कार्ड त्याच्या हातात दिलं. 2024 च्या जुलैत रिटर्न भरलं, परतावाही आला. नाना पेढे घेऊन आमच्याकडे आले.

आमच्या सीएंनी ते रिटर्न उघडून पाहिलं. त्यात एका राजकीय पक्षाला दिलेली मोठी देणगी होती. नानांनी आयुष्यात कुठल्या पक्षाला चहासुद्धा पाजलेला नाही. चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, हे ऐकल्यावर नाना रात्रभर झोपले नाहीत. 31 डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरून ती रक्कम व्याजासकट परत केली. पुढच्याच वर्षी, 14 जुलै 2025 ला, आयकर खात्याने अशा दलालांविरुद्ध देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली. खात्यानेच सांगितलं की हे लोक रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल काढतात आणि मग सोडून देतात, नोटिसा न वाचता तिथेच पडून राहतात. आमच्या दुकानाचं झालं तेच.

परताव्यावर टक्केवारी मागणारा माणूस आपला आकडा जेवढा फुगवेल तेवढा त्याचा फायदा. सीएंना तर नफ्याच्या टक्केवारीवर फी घ्यायला त्यांच्या संस्थेच्या नियमांनीच, मोजके अपवाद सोडले तर, मनाई आहे. फी ठरावीक असावी आणि आधी लिहून घ्यावी.

7. सीएचं प्रमाणपत्र मिळालं की त्यावरचा यूडीआयएन पाहा.

हा त्या कागदाचा वेगळा ओळख क्रमांक, अठरा अंक-अक्षरांचा असतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून प्रमाणपत्रांवर सक्तीचा आहे आणि सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. कर्जासाठी ‘सही-शिक्का मिळवून देतो’ म्हणणारे भेटतातच. दोन मिनिटांचं काम आहे, करावं.

8. हिशोब बघणाऱ्याकडून गुंतवणूक घेऊ नये.

2019 मध्येच इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडीपालन योजनेतली फसवणूक उघड झाली. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या किती शेतकरी कुटुंबांनी त्यात पैसे घातले होते. आमच्या नात्यातल्या एका घराला ती योजना सुचवणारा त्यांचा हिशोबनीसच होता, आणि त्याला त्यात कमिशन होतं हे नंतर कळलं. आमचे सीए गुंतवणुकीचा विषय निघाला की सरळ सांगतात, सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडे जा, त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. ठेवीबद्दल मात्र त्यांनी एक गोष्ट नानांना कागदावर लिहून दिली: बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर 2020 मध्ये रद्द झाला तेव्हापासून नानांनी तो कागद पाकिटात ठेवला आहे.

9. वर्षातून एकदा समोर बसून ताळेबंद समजून घ्यावा.

आबा सल्लागार सांगेल तिथे सही करायचे, हेही तेच करत. आता आम्ही दोघं जातो, आणि यंदा अकरावीतल्या लेकीलाही नेलं. ह्यांनी पेन काढलं तेवढ्यात ती म्हणाली, ‘आपला टेम्पो तर चांगला चालतोय, मग त्याचा घसारा कशाचा?’ मी तिला डोळ्यांनी दटावलं. सीएंनी ह्यांच्यासमोरचा कागद ओढून घेतला, उलटा करून तिच्याकडे फिरवला आणि पहिल्या पानापासून सांगायला लागले. बाहेर दोन माणसं ताटकळली होती. सीएंनी ऑफिसातल्या मुलीला सांगून त्यांच्यासाठी चहा मागवला आणि दुसरं पान उलटलं.