भाषांचे नाते

चेन्नईच्या जॉर्ज टाउन या जुन्या व्यापारी वस्तीत तमिळ व तेलुगू या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जातात. वस्तीच्या दक्षिणेस फोर्ट सेंट जॉर्ज हा किल्ला आहे. तेथून चालणाऱ्या कंपनी सरकारचे अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी 1816 साली असे दाखवून दिले, की तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषा संस्कृतातून निघालेल्या नसून त्यांचे मूळ समान व स्वतंत्र आहे. पुढे या भाषासमूहास ‘द्राविडी भाषाकुल’ हे नाव मिळाले.

या कुळातील एक लहान भाषा महाराष्ट्रातही आहे. यवतमाळ व आसपासच्या जिल्ह्यांतील कोलाम आदिवासींची ती कोलामी होय. 2011 च्या जनगणनेत देशभरात तिचे सुमारे 1 लाख 28 हजार भाषक नोंदले गेले. तिच्या चहूकडे मराठी असली, तरी तिचे रक्ताचे नाते दक्षिणेशी आहे. डोळ्याला तमिळमध्ये ‘कण्’, तेलुगूत ‘कन्नु’, तर कोलामीत ‘कन’ म्हणतात. घराला अनुक्रमे ‘इल्’, ‘इल्लु’ आणि ‘एल्ला’ असे शब्द आहेत.

कोलामीला स्वतःची लिपी नाही. शाळा, बाजार व कचेरी येथील व्यवहार मराठीतून चालतो. म्हणून ही भाषा प्रामुख्याने घरातील बोलण्यावर तगून आहे. मुलांनी मराठी अवश्य शिकावी. परंतु घरातील कोलामी थांबली, तर शब्दांबरोबर हे प्राचीन नातेही पुसले जाईल.

विचार करा : तुमच्या बोलीतील कोणते शब्द शेजारच्या भाषेतील शब्दांशी जुळतात?