पाचटाचा कोळसा

पाथरीच्या शिवारात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि कापूस-ज्वारीच्या जोडीला उसाचे मळे डोलू लागले. ऊस तुटून कारखान्याकडे जातो. मागे उरते ते पाचट. हे वाळलेले पान खरबरीत असते. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. ते लवकर कुजत नाही, आणि खोडव्यास पाणी देताना सरीत आडवे येते. मग एखाद्या सायंकाळी शेतकरी त्यास काडी लावतो. घटकाभरात सारे रान काळे होते. धुराचा लोट गावावर पसरतो, पाचटातील नत्र हवेत उडून जाते, मातीच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव होरपळतात. आणि त्याच वेळी गावातील एखादी माउली ओलसर जळणाशी झगडत चुलीत फुंकर घालीत असते!

या विसंगतीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांचे लक्ष गेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू. १९९६ साली पुण्यात 'आरती' या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापन झाली. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचटापासून कोळसा करण्याची रीत सिद्ध केली.

पाचट सरळ चुलीत का घालू नये, असे तुम्ही विचाराल. ते भडकन पेटते व क्षणात विझते. त्यावर भाकरी कशी भाजणार? उघड्यावर जाळले तर हाती राखच येते. म्हणून ते हवेवाचून तापवावे लागते. विटांच्या भट्टीत पाचटाने भरलेली सात लोखंडी पिंपे ठेवतात आणि पिंपांच्या बाहेर थोडे पाचट पेटवितात. आतील पाचट तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, आणि तोच बाहेर पेटून भट्टीस उष्णता पुरवितो. मला तर या भट्टीतील हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. पिंपांत उरलेल्या कोळशाची भुकटी करून, तीत खळ कालवून कांड्या पाडतात. या संस्थेच्या 'सराई' कुकरात अशा अवघ्या १०० ग्रॅम कांड्यांवर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. धूर जवळजवळ नसतो. परंतु कोणताही कोळसा बंद खोलीत पेटवू नये, कारण त्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

या कामास २००२ साली लंडन येथे अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

तथापि प्रश्न तेथे संपत नाही. पाचट न जाळता सरीत पसरून कुजविले, तर जमिनीत ओल टिकते व माती कसदार होते. मग सारेच पाचट भट्टीत घालणे हिताचे कसे? संशोधकास चूल आणि माती या दोहोंचा हिशेब मांडावा लागतो. माझ्या मते, जेथे ते कुजविता येईल तेथे मातीचा हक्क पहिला. जेथे शेतकरी ते पेटविणारच, तेथे कोळसा बरा. पाथरीकडील पऱ्हाट्यांचाही कोळसा होऊ शकेल. परंतु पऱ्हाट्या तर मुळातच चुलीत जातात. त्या भट्टीकडे नेल्या, तर त्या घरी जळण कोठून येणार, हे आधी पाहावे लागेल.

स्वाध्याय : पाचट उघड्यावर जाळणे आणि पिंपात तापविणे यांत कोणता फरक आहे? तुमच्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्यास, तो पाचटाचे किंवा पऱ्हाट्यांचे काय करतो व का, हे विचारून दहा ओळी लिहा.