वाण बघ, वय बघ, मग थंडी मोज

बाळा, यंदा रब्बीचा हरभरा तू पेरणार, म्हणून चार गोष्टी मनात ठेव. हरभरा थंडीचं पीक आहे, हे गावात सगळेच सांगतील. पण कोणत्या वाणाला, कोणत्या वयात, किती थंडी मानवते हे कळलं तरच त्या माहितीचा शेतात उपयोग.

बियाण्याची साल बघून पेर. देशी हरभऱ्याची साल जाड आणि गडद असते. तिच्यातून पाणी बेतानं आत जातं आणि सालीतलं टॅनिन बुरशीला अडवतं. काबुलीची साल पातळ. गार, चिकचिकीत जमिनीत काबुली दाणा भराभर पाणी ओढतो, आतल्या पेशींना इजा होते, साखर बाहेर पाझरते आणि तिच्यावर बुरशी पोसते. म्हणून विराट, कृपा असे काबुली वाण जमिनीत ऊब असतानाच आणि चांगल्या वाफशावर पेर. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया चुकवू नको. विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ हे देशी वाण उगवणीला जास्त खंबीर, पण बीजप्रक्रिया त्यांनाही कर.

पान सोसतं, फूल सोसत नाही. थंडी हळूहळू वाढली तर रोप स्वतःला तयार करतं, पेशींत साखर साठवतं आणि कडक रात्रीही तग धरतं. फुलाचं तसं नाही. गारठ्यात परागकण नीट रुजत नाहीत, परागनलिका बीजांडापर्यंत पोचत नाही आणि फूल घाटा न धरता गळतं. त्यासाठी नुसता रात्रीचा आकडा बघू नको. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान मिळवून निम्मं कर. ही सरासरी १५ अंशांच्या खाली राहिली की फूलगळ धर. दिवसा २८ आणि रात्री ८ असेल तर सरासरी १८ येते, निभावतं. दिवसा २० आणि रात्री ६ असे दिवस लागोपाठ आले, तर तेराच्या सरासरीवर घाटे धरणं अवघड.

गळ दिसली म्हणून फवारणीला धावू नको. हरभरा एकदाच फुलून थांबत नाही. मुळाशी ओल असेल तर ऊब परतल्यावर वरच्या फांद्यांवर नवी फुलं येतात आणि त्यांना घाटे लागतात. दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करील. त्या पैशात घाटेअळीसाठी कामगंध सापळे घे.

वाण जागेप्रमाणे निवड. सोलापूर, मराठवाड्याच्या जिरायत रानात ओल लवकर संपते, तिथे लवकर येणारा वाणच हवा. विजय तिथे ८५ ते ९० दिवसांत हाताशी येतो. निफाड, धुळ्याकडे थंडीची लाट जोरात येते आणि लवकर फुलणाऱ्या वाणाचा पहिला बहर तिच्यात सापडू शकतो. पाण्याची सोय असेल तर तिथे विशालसारखा ११० ते ११५ दिवसांचा वाणही बघ. त्याला बहर भरून काढायला वेळ मिळतो.

लाल पान दिसलं की लगेच मर रोग म्हणू नको. गारठ्यात देशी हरभऱ्याची पानं, देठ जांभळट होतात; तो झाडानं तयार केलेला रंग असतो. शंका आली तर रोप उपटून बुंधा उभा चिर. आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर ती मर, बुंधा आतून स्वच्छ असेल तर बहुधा थंडी.

पाणी हलकं दे. ओली जमीन दिवसाची ऊब धरते आणि रात्री सोडते, म्हणून लाटेचा अंदाज असला की तुषार सिंचनानं हलकी पाळी दे. काळ्या रानात पाट भरून सोडू नको, पीक उभळतं. युरियाही जास्त नको. कोवळी, लुसलुशीत वाढ गारठ्याला आधी बळी पडते.

आणि थंडीला भिऊन पेरणी पुढे ढकलू नको. जिरायत हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओल असेतो आणि बागायती १० नोव्हेंबरच्या आत जमिनीत गेलाच पाहिजे. डिसेंबरात गळलेलं फूल झाड पुन्हा देतं. फेब्रुवारीच्या उन्हात बारीक राहिलेला दाणा मात्र पुन्हा भरत नाही.