पालकसभा : सांगणे आणि ठरविणे

प्रास्ताविक

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचे काम वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही. मूल शाळेत रोज येईल की नाही, हे पुष्कळदा त्याच्या घरी ठरते, आणि घरापर्यंत पोहोचण्याचे शिक्षकाजवळचे एक मुख्य साधन म्हणजे पालकसभा होय. सुगीच्या दिवसांत मुलांना शेतावर नेऊ नये, धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मुलीस घरी ठेवू नये, असे गुरुजी वा बाई कळकळीने सांगतात. पालक माना डोलावतात. परंतु पुढील आठवड्यात हजेरीपट पाहावा, तर तो होता तसाच असतो. ‘पालकांना कळतच नाही’ असे म्हणून मग शिक्षक निराश होतो.

माणसे एकमेकांचे म्हणणे कसे स्वीकारतात व समूहात कशी वागतात, याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या शतकात झाला. त्यावरून असे दिसते की, दोष पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या बुद्धीत नसून सभेच्या पद्धतीत असतो. या अभ्यासातील काही प्रयोगांची ओळख शिक्षकांस उपयोगी पडेल.

आयोवा येथील प्रयोग

कुर्ट लेविन (१८९०–१९४७) हे मूळचे जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ. नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये ते अमेरिकेस गेले व पुढे आयोवा विद्यापीठात संशोधन करू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे मांसाची टंचाई निर्माण झाली. जनावरांचे हृदय, मूत्रपिंड इत्यादी अवयव पौष्टिक असूनही गृहिणी ते स्वयंपाकात वापरीत नसत. ही सवय कशी बदलावी, असा प्रश्न होता.

लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांचे सहा गट निवडले. प्रत्येक गटात १३ ते १७ स्त्रिया होत्या. तीन गटांस एक उत्तम व्याख्यान देण्यात आले. त्यात पोषणाची माहिती होती, देशकार्याचे आवाहन होते, पाककृतीही होत्या. उरलेल्या तीन गटांत थोडी माहिती देऊन चर्चा घडवून आणली. घरची माणसे काय म्हणतील, वास कसा घालवावा, अशा अडचणी स्त्रियांनीच मांडल्या. शेवटी ‘येत्या आठवड्यात हा पदार्थ करून पाहण्यास कोण तयार आहे?’ असे विचारून हात वर करण्यास सांगितले. दोन्ही प्रकारच्या सभांना सुमारे पाऊण तासच लागला.

पुढे चौकशी केली असता, व्याख्यान ऐकलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ३ जणींनी, तर चर्चा करून ठरविलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ३२ जणींनी पूर्वी कधी न वापरलेला पदार्थ घरी केला होता. लेविन यांचे म्हणणे असे की, व्याख्यान ऐकणारा मनुष्य सभेत बसूनही एकटाच असतो. इतरांचे मत काय, हे त्यास कळत नाही, आणि स्वतःचे मत बनविण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही.

पुणे येथील रेडिओ शेतकरी मंडळे

असाच एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यांतच झाला आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. कल्पना कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांवरून घेतलेली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होत असे. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे त्याचे विषय होते. सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांतून शंकांस उत्तरे मिळत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशी काही, आणि दोन्ही नाहीत, अशी काही. मंडळे असलेल्या गावांत सभासदांच्या ज्ञानात मोठी वाढ आढळली. मंडळ नसलेल्या गावांत ती नगण्य होती, मग तेथे रेडिओ असो वा नसो. म्हणजे आवाज कानी पडणे पुरेसे ठरले नाही. ऐकल्यावर एकत्र बसून बोलणे निर्णायक ठरले. काही मंडळे त्यापुढेही गेली. विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणले गेले, बालवाड्याही सुरू झाल्या.

केवळ चर्चा पुरेशी आहे काय?

लेविन यांच्या प्रयोगात चर्चा व निर्णय या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. त्यांपैकी कशाचा परिणाम झाला, हे एडिथ बेनेट यांनी मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर प्रयोग करून तपासले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. नुसती चर्चा व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरली नाही. दोन गोष्टी प्रभावी ठरल्या : व्यक्तीस निश्चित निर्णय घेण्यास सांगणे, आणि आपल्यासारख्या पुष्कळांनी तोच निर्णय घेतला आहे असे तिला जाणवणे. निर्णय जाहीरपणे सांगितला की गुप्तपणे नोंदविला, यामुळे विशेष फरक पडला नाही.

समूहाच्या दडपणाचा धोका

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन तरुणांस रेषांची लांबी ओळखण्यास सांगितले होते. उत्तर उघड दिसत होते. परंतु गटातील इतर सर्व जण आधी ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. तेव्हा एकट्या पडलेल्या तरुणाने सुमारे एकतृतीयांश वेळा डोळ्यांस दिसणारे सत्य सोडून इतरांची री ओढली. मात्र दुसरा एखादा जरी खरे बोलला, तरी हे प्रमाण पुष्कळच घटले. उत्तर लिहून देण्याची मुभा मिळाली, तरीही ते कमी झाले.

गावच्या सभेत प्रतिष्ठित गृहस्थ प्रथम बोलले की इतर गप्प बसतात. मागे बसलेली, मोलमजुरी करणारी आई ‘हो’ म्हणते. पण बाळास कोणाजवळ ठेवावे, ही तिची अडचण तोंडाबाहेर पडत नाही. अशी संमती हा निर्णय नव्हे. तिची किंमत अखेर त्या घरची मुलगी आपल्या शिक्षणाने चुकती करते.

शिक्षकांनी काय करावे?

१. सभेसाठी एकच विषय घ्यावा. माहिती दहा मिनिटांत संपवावी.

२. पालकांचे लहान गट करावेत. ज्यांस बोलण्याची सवय नाही, त्यांस प्रथम बोलू द्यावे. माता व मजूर पालक यांचे स्वतंत्र गट करण्यास हरकत नाही.

३. ‘काय करावे?’ असे विचारण्यापूर्वी ‘अडचण कोणती?’ असे विचारावे. आलेल्या अडचणी फळ्यावर लिहाव्यात. त्यांचे लगेच खंडन करू नये.

४. शेवटी लहान, मोजता येईल असा निर्णय विचारावा. ‘मुलांना नियमित पाठवा’ असे न म्हणता ‘येत्या दोन आठवड्यांत मुलगी एकही दिवस घरी राहणार नाही, हे कोणास शक्य आहे?’ असे विचारावे. संकोच वाटत असल्यास चिठ्ठी घ्यावी. लिहिता न येणाऱ्यांस खुणेची सोय करावी.

५. किती जणांनी ठरविले, तो आकडा सभेतच सांगावा. नावे सांगू नयेत. पुढील सभेत हजेरीचा आकडा मांडावा. ज्यांस जमले नाही, त्यांस दोष न देता कारण विचारावे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. कायद्याने त्यांस आसन दिले. त्यांस बोलते करणे हे मात्र शिक्षकाच्या हाती आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या मागील पालकसभेत शिक्षक किती वेळ बोलले व पालक किती वेळ बोलले?

२. त्या सभेत कोणते पालक एकदाही बोलले नाहीत? त्यांच्या मुलांची हजेरी कशी आहे?

३. पुढील सभेसाठी मोजता येईल असा एक निर्णय सुचवा, आणि तो पाळला गेला की नाही हे कसे पाहाल, ते सांगा.